ग्रंथसंपादकाचे अदृश्य कर्तृत्व : श्री. पु. भागवत, राम पटवर्धन आणि 'सत्यकथा'–'मौज' परंपरा

प्रस्तावना

मराठी वाङ्मयाच्या अध्यापनात लेखक, साहित्यकृती आणि वाचक या तीन घटकांचा विचार प्रामुख्याने केला जातो. अभ्यासक्रमातील प्रश्न याच तीन घटकांभोवती फिरतात. हस्तलिखित लेखकाच्या हातून सुटते आणि ग्रंथ वाचकाच्या हाती पडतो, या दोहोंच्या मधल्या काळात मात्र आणखी एक व्यक्ती कार्यरत असते. तिचे नाव बहुधा मुखपृष्ठावर नसते आणि वाङ्मयेतिहासात तिला क्वचितच स्वतंत्र प्रकरण मिळते. ही व्यक्ती म्हणजे संपादक होय.

'संपादक' हा शब्द मराठीत अनेक अर्थांनी वापरला जातो. वृत्तपत्राचा अग्रलेख लिहिणारा तो संपादक, प्राचीन पोथ्यांची पाठचिकित्सा करणारा तो संपादक, आणि निवडक लेखांचा संग्रह सिद्ध करणारा तोही संपादकच. प्रस्तुत लेखात यांपैकी कोणताही अर्थ अभिप्रेत नाही. हयात लेखकाचे नवे लेखन प्रथम वाचणारा, त्याबद्दल लेखकाशी बोलणारा, गरज पडल्यास फेरलेखन सुचविणारा आणि अखेर ते निर्दोष स्वरूपात छापून आणणारा, असा साहित्यिक संपादक येथे विचारात घेतला आहे. या कार्याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे 'सत्यकथा' मासिक व मौज प्रकाशन गृह यांच्याशी आयुष्यभर निगडित राहिलेले श्री. पु. भागवत (१९२३–२००७) आणि त्यांचे सहकारी राम पटवर्धन (१९२८–२०१४). त्यांच्या कार्याच्या आधारे संपादक नेमके काय करतो, त्याच्या अधिकाराच्या मर्यादा कोणत्या आणि आजच्या महाविद्यालयीन लेखन-प्रकाशनाला त्यातून काय घेता येईल, याचे विवेचन करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

'सत्यकथा' मासिक १९३३ साली सुरू झाले आणि १९८२ साली बंद पडले. या अर्धशतकातील उत्तरार्धाचा मोठा काळ श्री. पु. भागवत यांच्या संपादकीय दृष्टीने घडलेला आहे. गिरगावातील खटाववाडी हा या कार्याचा पत्ता होता. मासिक, साप्ताहिक, दिवाळी अंक, छापखाना आणि ग्रंथप्रकाशन ही कामे एकाच वास्तूच्या आश्रयाने चालत असल्यामुळे लेखकाची पहिली कथा छापणारा संपादक आणि पुढे त्याचा ग्रंथ काढणारा प्रकाशक यांच्यात अंतर राहिले नाही. हे वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. कारण त्यामुळे संपादकाला लेखकाचा एखादा सुटा लेख दिसत नसे, तर त्याची अनेक वर्षांची वाटचाल दिसत असे.

या परंपरेतून पुढे आलेल्या नावांची यादी केली तरी तिचा आवाका ध्यानात येतो. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले व व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा 'सत्यकथे'च्या पानांवर स्थिर झाली. मर्ढेकरांचा 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५), माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५), पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२), दुर्गा भागवत यांचे 'व्यासपर्व' (१९६२) व 'पैस' (१९७०), सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' (१९९०) हे ग्रंथ मौजेचे आहेत. यांतील 'सौंदर्य आणि साहित्य', 'व्यक्ती आणि वल्ली' आणि 'पैस' या तीन ग्रंथांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. सौंदर्यमीमांसा, कादंबरी, व्यक्तिचित्रे, ललितनिबंध, आत्मकथन असे भिन्न प्रकृतीचे लेखन एकाच संपादकीय नजरेखालून गेले, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

संपादकीय कार्याचे टप्पे

संपादकाचे काम म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ते या कामाचे शेवटचे टोक आहे. एकूण कामाचे ढोबळमानाने चार टप्पे करता येतात.

पहिला टप्पा निवडीचा. नियतकालिकाकडे टपालाने येणाऱ्या लेखनातील बहुतांश लेखन परत जाणारे असते. 'साभार परत' हे दोन शब्द मराठी लेखकांच्या कित्येक पिढ्यांनी धास्तावून वाचले आहेत. 'सत्यकथे'चा दबदबा या परतीच्या लेखनामुळेही निर्माण झाला. परंतु निवड म्हणजे केवळ चांगले व वाईट वेगळे करणे नव्हे. अपरिचित लेखकाच्या कच्च्या लेखनात पुढे काय होऊ शकेल हे ओळखणे, ही तिची कठीण बाजू होय. कुडाळला खानावळ चालविणाऱ्या चिं. त्र्यं. खानोलकर यांची कविता 'आरती प्रभू' या नावाने 'सत्यकथे'त आली आणि पुढे 'जोगवा' (१९५९) हा संग्रह मौजेने काढला. नागपूरच्या महेश एलकुंचवार यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ साली 'सत्यकथे'त छापली गेली. ती वाचून विजया मेहता यांचे लक्ष या नव्या नाटककाराकडे वेधले गेले. धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे जी. ए. कुलकर्णी यांच्या कथा 'सत्यकथे'तून वाचकांसमोर आल्या. कुडाळ, नागपूर, धारवाड ही तिन्ही ठिकाणे मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर होती. तेथील लेखकाला खटाववाडीशी जोडणारा दुवा म्हणजे टपाल होते. आपल्या ओळखीपाळखीबाहेरच्या माणसाचे पाकीट तितक्याच गांभीर्याने उघडणारा संपादक नसेल, तर अशा लेखकाला दुसरा मार्ग कोणता, हा प्रश्न जामखेडसारख्या तालुक्याच्या गावी राहून लिहिणाऱ्या प्रत्येकाला कळण्याजोगा आहे.

दुसरा टप्पा संवादाचा. हा टप्पा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी दिसणारा असतो. भागवत-पटवर्धनांच्या कार्यपद्धतीची ओळख सांगितली जाते ती त्यांच्या पत्रांवरून. लेखन स्वीकारताना वा परत करताना कारणे देणे, कथेतील कोणता भाग सैल वाटतो ते दाखविणे, फेरलेखन सुचविणे आणि दुसऱ्या खर्ड्याची वाट पाहणे, ही त्यांची रीत होती. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो. संपादक एखादे वाक्य स्वतः बदलू शकतो, किंवा त्या वाक्यापाशी आपण का अडखळलो हे लेखकाला सांगू शकतो. पहिल्या मार्गाने लेखन तेवढे सुधारते. दुसऱ्या मार्गाने लेखक सुधारतो. म्हणून चांगल्या संपादकाचे प्रमुख साधन दुरुस्ती हे नसून प्रश्न हे आहे.

तिसरा टप्पा भाषेचा व मुद्रणाचा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली स्वीकारले गेले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. म्हणजे भागवतांच्या कारकिर्दीच्या ऐन मध्यावर मराठीची लेखनपद्धतीच बदलत होती. जुन्या वळणाचे अनुस्वार देणारे आणि नव्या नियमांनी लिहिणारे लेखक एकाच वेळी लिहीत होते. त्याहून नाजूक प्रश्न बोलीचा होता. 'माणसे' लिहावे की 'माणसं'? औपचारिक गद्यात एकारान्त रूप आणि बोलण्यातील भाषेत अनुस्वारयुक्त रूप, असा संकेत असला तरी निवेदनच बोलभाषेत असेल तर काय करावे, याचे उत्तर नियमात मिळत नाही. ते त्या साहित्यकृतीत शोधावे लागते. माडगूळकरांच्या ज्या व्यक्तिचित्रांनी 'मौज' साप्ताहिकातून वाचकांचे लक्ष वेधले, त्यांच्या संग्रहाचे शीर्षक 'माणदेशी माणसं' असे आहे, 'माणदेशी माणसे' असे नाही. त्या एका अनुस्वारात प्रदेशाचा आवाज राखला गेला आहे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात प्रत्येक दुरुस्तीला श्रम व पैसा लागे. म्हणून मुद्रणप्रत आधीच निर्दोष करणे आणि मुद्राराक्षसाला वाव न देणे याला व्यावसायिक शिस्तीचे स्वरूप आले होते. मौजेच्या ग्रंथांच्या निर्दोष मुद्रणाचा लौकिक या शिस्तीतून आला.

चौथा टप्पा माघारीचा. ग्रंथ तयार झाला की संपादकाने त्यातून नाहीसे व्हावयाचे असते. ग्रंथ गाजला तर श्रेय लेखकाचे. मुद्रणदोष राहिला तर बोल संपादकाला. या विषम वाटणीला जो राजी नाही त्याला हे काम फार काळ करता येत नाही.

मॅक्सवेल पर्किन्स : एक तुलना

संपादकाच्या भूमिकेचे अधिक दस्तऐवजीकरण इंग्रजी ग्रंथव्यवहारात झालेले आहे. न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेतील मॅक्सवेल पर्किन्स (१८८४–१९४७) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची पहिली कादंबरी संस्थेने आधी नाकारली होती. पर्किन्स यांनी लेखकाला फेरलेखनास प्रवृत्त केले, संस्थेतील ज्येष्ठांचा विरोध मोडून काढला आणि १९२० साली ती प्रसिद्ध झाली. पुढे 'द ग्रेट गॅट्सबी'चे हस्तलिखित वाचून त्यांनी लेखकाला कळविले की मध्यवर्ती पात्र धूसर राहिले आहे आणि त्याच्या संपत्तीचा उगम वाचकाला कुठेतरी सूचित व्हावयास हवा. फिट्झजेराल्ड यांनी ही सूचना मानून मुद्रितांवरच मोठे बदल केले व १९२५ साली कादंबरी प्रसिद्ध झाली. त्रुटी संपादकाने दाखविली. ती कशी भरावयाची हे लेखकाने ठरविले.

याउलट थॉमस वुल्फ यांच्या बाबतीत घडले. त्यांची हस्तलिखिते अवाढव्य असत. पर्किन्स यांनी लेखकाबरोबर बसून त्यांतून मोठमोठे भाग गाळले व ग्रंथांना आकार दिला. १९३५ साली आलेली आपली दुसरी कादंबरी वुल्फ यांनी कृतज्ञतेने पर्किन्स यांना अर्पण केली. दुसऱ्याच वर्षी एका समीक्षकाने, या लेखकाची पुस्तके संपादकाच्या मदतीवाचून उभी राहू शकत नाहीत, अशा आशयाची टीका केली. ती वुल्फ यांच्या जिव्हारी लागली आणि १९३७ साली त्यांनी स्क्रिब्नर्सशी संबंध तोडला. १९३८ साली वुल्फ यांचे अकाली निधन झाले, तेव्हा त्यांच्या वाङ्मयीन वारशाची व्यवस्था पाहण्याची जबाबदारी मात्र पर्किन्स यांच्याकडेच आली. संपादकाचा हात दिसू लागला की लेखकाच्या स्वत्वाला धक्का बसतो, हा या प्रकरणाचा धडा होय.

पर्किन्स यांची कहाणी मराठीला दोन ठिकाणी येऊन मिळते. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांना फ्लोरिडाच्या रानातील एका मुलाची कथा लिहिण्याचे पर्किन्स यांनी सुचविले. त्यातून 'द यर्लिंग' (१९३८) ही पुलित्झर पुरस्कारप्राप्त कादंबरी निर्माण झाली. या कादंबरीचा 'पाडस' (१९६७) हा मराठी अनुवाद केला तो राम पटवर्धन यांनी. एका संपादकाच्या सूचनेतून जन्मलेली कादंबरी दुसऱ्या संपादकाने आपल्या भाषेत आणावी, हा योगायोग खराच. परंतु दुसऱ्याच्या शब्दाशी इमान राखून स्वतः मागे राहणे हा अनुवादक आणि संपादक यांचा समान गुण आहे, हेही त्यातून सुचते. दुसरा दुवा हेमिंग्वे यांच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा. ही कादंबरी लेखकाने प्रकाशक चार्ल्स स्क्रिब्नर आणि दिवंगत पर्किन्स यांना अर्पण केली होती; तिचा 'एका कोळियाने' हा मराठी अनुवाद पु. ल. देशपांडे यांनी केला.

अधिकाराची दुसरी बाजू

संपादकाचे गुणगान करताना त्याच्या सत्तेचा विचार टाळणे अभ्यासाच्या दृष्टीने अप्रामाणिकपणाचे ठरेल. जो निवडतो तो नाकारतोही. एकच अभिरुची दीर्घकाळ निवड करीत राहिली, तर तिचा साचा होण्याचा धोका संभवतो. साठच्या दशकात 'सत्यकथे'वर नेमका हाच आक्षेप घेतला गेला. अशोक शहाणे यांनी १९६३ साली प्रस्थापित मराठी वाङ्मयावर प्रखर टीका केली. त्याच वर्षी 'कोसला' ही भालचंद्र नेमाडे यांची कादंबरी देशमुख आणि कंपनीकडून आली. 'असो', 'येरू', 'वाचा', 'फक्त' यांसारख्या अनियतकालिकांनी स्वतःचे स्वतंत्र व्यासपीठ उभारले. १९६९ साली राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी खटाववाडीसमोर 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. मासिकाची होळी करावी इतका राग येतो, याचा अर्थ त्या मासिकाच्या होकार-नकाराला तितके वजन होते. पण ज्यांच्या अनुभवाला त्या अभिरुचीत जागाच नव्हती, त्यांच्या दृष्टीने हे वजन म्हणजे बंद दरवाजा होता.

हा दरवाजा अन्यत्र उघडला तो अन्य संपादकांनीच, हे येथे आवर्जून नोंदवावयास हवे. तेव्हाच्या औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालविलेल्या 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांच्या पिढ्या घडविल्या. दिनकर गांगल प्रभृतींच्या 'ग्रंथाली' वाचक चळवळीने १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध केले. दया पवार हे अकोले तालुक्यातील धामणगावचे. म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातील महारवाड्याचा अनुभव मराठीच्या मध्यभागी आला. याच जिल्ह्यातील नेवाशाचा ज्ञानदेवांच्या नावाशी जोडलेला खांब हा दुर्गाबाईंच्या 'पैस'मधील शीर्षकलेखाचा विषय आहे. एकाच जिल्ह्याच्या मातीतून आलेले हे दोन ग्रंथ भिन्न संपादकीय परंपरांनी वाचकांपर्यंत पोहोचविले. 'पैस'ला मौजेचा संस्कार मानवला; 'बलुतं'ला वेगळी नजर हवी होती. 'बलुते' नव्हे, 'बलुतं' हे शीर्षकही 'माणदेशी माणसं'प्रमाणेच बोलीचा अनुस्वार जपते. परंतु येथे त्या अनुस्वारामागे प्रदेशाबरोबर गावगाड्यातील हक्काचा व अपमानाचा इतिहास उभा आहे. एक थोर संपादक पुरेसा नसतो. भिन्न अभिरुचीचे अनेक संपादक भाषेला लागतात, हा या घडामोडींचा अर्थ होय.

महाविद्यालयीन लेखनाशी संबंध

हा विषय केवळ वाङ्मयेतिहासापुरता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीनंतर अध्यापकांच्या शोधनिबंधांची संख्या गुणांकनाशी व पदोन्नतीशी जोडली गेली. मागणी वाढताच नियतकालिकांचे पीक आले आणि शुल्क भरले की निबंध छापून येतो, असा व्यवहार रूढ झाला. त्याला आळा घालण्यासाठी आयोगाने 'केअर' यादी आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करण्यात येऊन नियतकालिकाची गुणवत्ता पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व अध्यापकांवर आली. या सर्व व्यवहारात 'संपादक मंडळ' असा मथळा असतो, त्याखाली नावे असतात. परंतु निबंध वाचून लेखकाला दोन प्रश्न विचारणारे पत्र क्वचितच येते.

याचे नुकसान कोणाचे होते? वाचकाचे होतेच, पण त्याहून अधिक नवोदित अध्यापकाचे होते. 'साभार परत' आलेले लेखन दुखावणारे असले तरी कोणीतरी ते वाचले होते, याची ती पावती होती. न वाचता स्वीकारले गेलेले लेखन लेखकाला काहीच शिकवीत नाही. तज्ज्ञपरीक्षणाचा छापील नमुना भरून ही उणीव दूर होत नाही. 'पान चारवरील विधानाला आधार काय?' असे विचारणाऱ्या एका ओळीने ती काही अंशी दूर होते.

दुसरा मुद्दा साधनांच्या जतनाचा. संपादकाचे काम पत्रांत, खर्ड्यांत व दुरुस्त्या केलेल्या मुद्रितांत उरते. जी. एं.च्या निवडक पत्रांचे खंड प्रसिद्ध झाल्यामुळे त्यांच्या लेखनामागील विचार अभ्यासकांना उपलब्ध झाला. अशी साधने गावोगावच्या लेखकांच्या ट्रंकांत, माळ्यांवर पडून नष्ट होतात. दूरध्वनी व संगणकीय निरोपांच्या काळात तर ती निर्माण होताच पुसली जातात. तालुक्याच्या ठिकाणच्या मराठी विभागांना परिसरातील लेखकांची पत्रे व हस्तलिखिते कुटुंबीयांच्या संमतीने जमा करून त्यांच्या प्रतिमा जपणे अल्प खर्चात शक्य आहे. एकाच कवितेचे दोन खर्डे विद्यार्थ्यांसमोर ठेवले, तर शैलीविचार जितका स्पष्ट होईल तितका तो व्याख्येने होणार नाही.

निष्कर्ष

१) साहित्यिक संपादक हा लेखनाचा दुरुस्तीकार नसून लेखकाचा पहिला जबाबदार वाचक आहे. प्रश्न हे त्याचे प्रमुख साधन होय.

२) भागवत-पटवर्धन यांच्या कार्याचे सामर्थ्य निवड, पत्रसंवाद, भाषिक शिस्त आणि आत्मविलोपन या चारही टप्पे दीर्घकाळ सांभाळण्यात आहे.

३) संपादकाची अभिरुची जितकी प्रभावी, तितकी तिच्या बाहेर राहणाऱ्यांची हानी अधिक. १९६९ची होळी आणि त्या काळात उभी राहिलेली अन्य व्यासपीठे यांचा विचार 'सत्यकथे'च्या गौरवाबरोबरच झाला पाहिजे.

४) महाविद्यालयीन नियतकालिकांनी संपादकाचे नाव छापण्यापेक्षा संपादकाचे काम पुनःस्थापित करणे अगत्याचे आहे.

श्री. पु. भागवत यांच्या नावे महाराष्ट्र शासन उत्कृष्ट प्रकाशनसंस्थेला पुरस्कार देते. हा गौरव उचितच आहे. परंतु ज्याने आयुष्यभर इतरांची हस्तलिखिते वाचली त्याचे खरे स्मरण, आपल्या टेबलावर आलेला अनोळखी माणसाचा लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे आणि त्याला उत्तर लिहिणे, यातच आहे.